अनुभव धागा: लांबच्या गावी 'आपला' पिझ्झा आणि डेलीची चव

नमस्कार मंडळी,

न्यू यॉर्कच्या नदीपलीकडच्या जर्सी सिटीत आम्ही अकरा वर्षं काढली. ग्रोव्ह स्ट्रीटच्या स्टेशनातून वर आलं की कोपऱ्यावर पिझ्झ्याचं एक छोटं दुकान होतं. काचेमागे अठरा इंची पिझ्झे मांडलेले असायचे. 'एक प्लेन' (नुसत्या चीजचा) म्हटलं की आतला माणूस एक त्रिकोण लांब दांड्याच्या फळीवरून भट्टीत सरकवायचा आणि दोन मिनिटांत तो कागदी ताटलीवर आपल्या हातात. तेलाने ताटली पारदर्शक व्हायची. स्लाइस मधोमध दुमडायचा, टोक खाली वाकू द्यायचं नाही आणि चालता चालता खायचा. दिवसभर ऑफिसात राबून आल्यावर तो पहिला घास घेतला की मला घरी पोचल्यासारखं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही टेक्सासला, ऑस्टिनला आलो. पहिल्या सहा महिन्यांत 'न्यू यॉर्क स्टाइल' अशी पाटी दिसेल तिथे जाऊन खाल्लं. एका ठिकाणी सॉस जॅमसारखा गोड. दुसरीकडे चीजचा थर इतका जाड की स्लाइस दुमडेचना. तिथेच मुलगी म्हणाली, "आई, हा आपला पिझ्झा नाही." जन्म तिचा जर्सीचा. मला कोल्हापूरच्या मिसळीबद्दल जे वाटतं, ते तिला त्या स्लाइसबद्दल वाटतं, हे त्या दिवशी मला कळलं आणि गलबलून आलं. मग मी शोध मनावरच घेतला.

साऊथ काँग्रेस रस्त्यावर होम स्लाइस नावाचं दुकान आहे, २००५ पासूनचं. तिथे स्लाइस हातात घेतला आणि आधी उलटा करून तळ पाहिला. मी नेहमी तेच करते. तळावर तपकिरी ठिपके हवेत, पांढरट पीठ नको. दुमडल्यावर बारीकसा कुर्र आवाज यावा, पण मोडू नये. मैद्यात प्रथिनं जास्त असली, पीठ एक-दोन दिवस थंडीत मुरलेलं असलं आणि भट्टीचा दगड तीनशे अंशांच्या आसपास तापलेला असला तरच हे जमतं. चीजही कमी पाण्याचं मोझरेला लागतं, ताजं नाही. ताज्याला पाणी सुटतं आणि मधला भाग लिबलिबीत होतो. मुलीने दोन स्लाइस खाल्ले आणि काही बोलली नाही. तिच्या बाबतीत याचा अर्थ पसंत.

तुम्ही कुठून कुठे गेलात, कोणती चव शोधलीत, कुठे सापडली, घरी जमवलीत का, सगळं लिहा, वर आपलं गाव टाकून. न्यू यॉर्कचीच हवी असं नाही; शिकागो, डेट्रॉइट, न्यू हेवन, काहीही चालेल. शाकाहारी मंडळींनी तर जरूर लिहा.

ह्यूस्टन, टेक्सास (आधी मॅनहॅटन)

ताई, पिझ्झ्याचं तुम्ही छान लिहिलंत, मी डेलीचं, म्हणजे ज्यू पद्धतीच्या सँडविच-मांसाच्या खानावळीचं लिहितो. न्यू यॉर्कमध्ये कॅट्झ डेली ज्या रस्त्यावर आहे, त्याचं स्पेलिंग माझ्या आताच्या शहरासारखंच आहे, पण तिथे उच्चार 'हाउस्टन'. मी त्या हाउस्टनवरून या ह्यूस्टनला आलो.

कॅट्झ १८८८ पासून आहे. दारात शिरताना हातात एक तिकीट देतात, खाल त्याची नोंद त्यावर होते, आणि ते हरवू नये म्हणून मी ते शर्टाच्या खिशात घालून वर हात ठेवूनच रांगेत उभा राहायचो. काउंटरवरचा माणूस वाफाळतं पास्ट्रामी (खारवून धुरी दिलेलं गोमांस) पाटावर घेऊन सुरीने कापतो आणि आधी एक तुकडा चाखायला देतो. मला सगळ्यात जवळचा वाटायचा तो त्याच्या कडेचा काळा थर. धणे आणि मिरे! मांस कित्येक दिवस खारवतात, मग धणे-मिऱ्यांची जाडसर भरड चोळून धुरी देतात आणि वाढण्यापूर्वी वाफवतात. पहिल्यांदा चाखलं तेव्हा नाकात आधी आला तो आईने मसाल्यासाठी धणे भाजल्याचा वास.

आमच्या घरी गोमांस येत नाही, बायको खात नाही आणि तिचा मान मी ठेवतो. त्यामुळे हे खाणं माझं एकट्याचं, बाहेरचं. पण म्हणूनच ते चांगलं मिळावं असं फार वाटतं. इथे आल्यावर एका ठिकाणी 'हॉट पास्ट्रामी' मागवलं, तर यंत्रावर कागदासारखे पातळ कापलेले काप मायक्रोवेव्हमध्ये गरम करून दिले. धणे धुऊन निघालेले, मांस रबरासारखं. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मग एका सहकाऱ्याने केनी अँड झिगीजला नेलं. १९९९ पासून ह्यूस्टनमध्ये आहे. टेबलावर आधी लोणच्याची काकडी आली, माट्झो बॉलचं (बिनफुगलेल्या ज्यू पोळीच्या चुऱ्याच्या गोळ्यांचं) सूप आलं, राय ब्रेडमध्ये कॅरवेचे दाणे होते (आपल्या शहाजिऱ्याचेच हे भाऊबंद). सँडविच दोन हातांत मावत नव्हतं. मोहरी सोडून वर काही घालू नका, एवढंच सांगतो. मेयोनीज मागू नका.

लॉस एंजेलिस (आधी एडिसन, न्यू जर्सी)

मी शाकाहारी, अंडंही नाही. डेलीत आपल्यासाठी काय असणार असं बरेच जण धरून चालतात, म्हणून सविस्तर लिहिते.

कोशर या ज्यूंच्या आहारनियमानुसार मांस आणि दूध एकत्र येत नाही. त्यामुळे कोशर पिझ्झ्याच्या दुकानात मांस नसतंच. भट्टी, सुरी, फळी, कशालाच मांस लागलेलं नसतं. एडिसनला असताना एका सहकारी बाईंनी मला हे सांगितलं आणि माझा केवढा प्रश्न सुटला! तोवर प्रत्येक दुकानात 'पेपरोनीची सुरी वापरू नका' म्हणून विनवावं लागायचं. मासे मात्र कोशर दुकानात असू शकतात, तेवढं विचारा. आणि पार्मेझान चीजबद्दल चौकशी करा, अस्सल इटालियन पार्मेझानमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध साकळवणारं द्रव्य) असतं.

लॉस एंजेलिसला आल्यावर पिको बुलेव्हार्डच्या ज्यू वस्तीत अशी दुकानं आहेत असं ऐकलं. उत्साहात निघाले ती नेमकी शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या वारी. सगळी दारं बंद, रस्ता शांत, ठेवणीतल्या कपड्यांत प्रार्थनेहून परतणारी कुटुंबं. त्या बंद शटरसमोर उभी राहिले आणि मला माझं अलिबाग आठवलं. आमच्या आळीत बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं कुटुंब होतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांच्या पूर्वजांना कोकणात 'शनिवार तेली' म्हणत. शेजारच्या आजी आम्हा मुलांना मलिदा द्यायच्या. पोहे, गूळ, ओलं खोबरं. अलिबागचा मलिदा कुठे आणि पूर्व युरोपातून आलेली डेली कुठे, पदार्थात काही साम्य नाही. पण शनिवार तोच. मी गाडीत बसून थोडी रडले, मग घरी गेले आणि रविवारी परत आले.

स्लाइस पातळ, कुरकुरीत, सॉस आंबटसर. एडिसनपेक्षा अगदी थोडा जाड. शेजारच्या दुकानात बटाट्याचा क्निश मिळाला, पातळ पारीत मिरी आणि परतलेला कांदा घातलेलं कुस्करलेल्या बटाट्याचं सारण. सोबत अर्धी मुरलेली काकडी. व्हिनेगर नसतं त्यात, नुसत्या मिठाच्या पाण्यात लसूण आणि शेपू घालून मुरवतात. शेपू न आवडणाऱ्यांनीसुद्धा खाऊन बघावी.

शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ जाऊ नका. पासओव्हर या ज्यू सणाच्या दिवसांतही नाही, तेव्हा फुगलेलं पीठ चालत नाही.

लंडन

इथे ब्रिक लेनवर चोवीस तास उघडी असणारी बेगलची (मधे भोक असलेल्या कड्यासारख्या पावाची) दुकानं आहेत. जुने लोक 'बायगल' म्हणतात. खारवलेलं गोमांस, झणझणीत मोहरी, काकडीचं लोणचं. न्यू यॉर्कच्या बेगलपेक्षा हा लहान आणि मऊ. मी सात वर्षं क्वीन्समध्ये होतो, पहिलं वर्षभर नाक मुरडत होतो. आता रात्रीची पाळी संपवून पहाटे चारला तिथे उभा असतो आणि मला दुसरा कुठला नको असतो.

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना (आधी ब्रुकलिन)

आमच्याकडे ईशान्येकडून आलेले लोक इतके आहेत की स्लाइस मिळणं अवघड नाही. माझी खूण सांगतो. दुकानात फोन वाजला आणि आतला माणूस पिझ्झ्याला 'पाय' (इंग्रजी pie) म्हणाला की मी निर्धास्त बसतो. आमचा दुकानदार ब्रुकलिनचा आहे. दुपारी गर्दी नसली की भट्टीशेजारी उभं राहून त्याच्याशी बोलतो.

इथे बरेच जण म्हणतील की सगळी करामत न्यू यॉर्कच्या पाण्याची. ते पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअरच्या पाणलोटातून येतं, मऊ असतं, क्षार कमी. जड पाण्याने पीठ थोडं घट्ट होतं हेही खरं. पण माझं ठाम मत आहे की पाण्याला फार श्रेय दिलं जातं. दुकानदाराने मला पीठ मळताना दाखवलं: चांगलं मजबूत पीठ, थंड पाणी, दोन रात्री फ्रीजमध्ये. नळ कॅरीचाच आहे!

आणखी एक. कोळशाच्या भट्टीची जुनी दुकानं, म्हणजे १९०५ चं लोम्बार्डीज वगैरे, अख्खा पिझ्झा देतात. स्लाइस ही गॅसच्या सपाट भट्टीची देणगी, कारण तो परत गरम करून द्यायचा असतो. त्यामुळे दुसऱ्यांदा भाजलेला स्लाइस शिळा समजू नका, तो तसाच खायचा. उरलेला घरी आणलात तर मायक्रोवेव्ह नको. बिडाचा तवा मंद आचेवर ठेवा, स्लाइस टाका, दोन मिनिटांनी बाजूला पाण्याचे दोन थेंब आणि वर झाकण. आपल्या सगळ्यांच्या घरी तवा आहेच.

माँट्रियल

बेगलचा विषय निघाला म्हणून दोनच ओळी. आमचा बेगल मध घातलेल्या पाण्यात उकळून लाकडाच्या भट्टीत भाजतात, भोक मोठं, तिळाने भरलेला, गोडसर. सँ-व्हिएतर हे बेगलचं दुकान १९५७ पासून. कॅलगरीला बहिणीकडे जाताना दरवेळी दोन डझन नेते, ती ते अर्धे कापून फ्रीजरमध्ये ठेवते आणि रोज सकाळी एक टोस्टरमध्ये घालते. न्यू यॉर्कवाल्यांशी वाद घालणार नाही, पण आमचा एकदा गरम खा.

पुणे, कोथरूड (आधी न्यू हेवन, कनेक्टिकट)

मी संशोधनासाठी पाच वर्षं न्यू हेवनला होतो. तिथे पिझ्झ्याला 'अबीट्झ' म्हणतात. वूस्टर स्ट्रीटवर फ्रँक पेपेचं १९२५ चं दुकान, कोळशाची भट्टी, बाहेर रांग. पिझ्झा वेडावाकडा, कडा काळ्या. पहिल्यांदा मला वाटलं करपला. तो करपलेला नसतो, कोळशाच्या उष्णतेने आलेली ती चव असते. आणि नुसता टोमॅटोचा मागितला तर वर मोझरेला नसतं, ते वेगळं सांगावं लागतं.

पण मला वेड लागलं ते शिंपल्यांच्या पांढऱ्या पिझ्झ्याचं. टोमॅटो नाही, मोझरेला नाही. ताज्या सोललेल्या शिंपल्या, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल, किसलेलं मेंढीच्या दुधाचं चीज. मी वेंगुर्ल्याचा. आमच्या तिसऱ्या (शिंपल्या) पिझ्झ्यावर बघून पहिल्या रात्री झोप लागली नव्हती.

पुण्यात हे कुठे मिळणार? घरीच करायचं ठरवलं. घरच्या ओव्हनची धाव २५० अंशांपर्यंत. म्हणून भोसरीतल्या एका कारखान्यातून ६ मिलिमीटर जाडीची, ३५ सेंटिमीटर चौरस लोखंडी प्लेट कापून आणली. पावणेसहा किलो भरली. व्हिनेगरने घासून वरचा काळा थर काढला आणि नव्या बिडाच्या तव्याला करतात तसं तेल लावून तीनदा तापवली. ती वरच्या कप्प्यात पाऊण-एक तास तापू द्यायची आणि पिझ्झा टाकताना वरचा ग्रिल चालू करायचा. सहा-सात मिनिटांत कडेला काळे डाग येतात.

पीठ: ५०० ग्रॅम मैदा, १५ ग्रॅम गव्हाचं ग्लुटेन (आपला मैदा जरा मऊ पडतो), ३१५ ग्रॅम थंड पाणी, १० ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. साधारण २८० ग्रॅमचे तीन गोळे, दोन दिवस फ्रीजमध्ये. मे महिन्यात ओटा इतका तापलेला असतो की गोळे बाहेर काढल्यावर तासभरही ठेवू नका.

चारदा केला आणि चारदाही काहीतरी कमी होतं. तिसऱ्या मी वाफवून उघडत होतो, त्या भट्टीत परत शिजून चिवट व्हायच्या. पाचव्या वेळी गावाहून आत्या आली होती. गणेश पेठेतून आणलेल्या तिसऱ्या मी पातेल्यात टाकायला निघालो तर ती म्हणाली, "अरे, कच्च्याच उघड की." विळी घेऊन खाली बसली. पात्यावर शिंपी टेकवायची, मनगटाला एक हलका झोका, की दोन भाग. एकशिपीसाठी (एका शिंपीसकट केलेल्या तिसऱ्यांसाठी) ती आयुष्यभर हेच करत आली आहे. साठ-सत्तर तिसऱ्या गप्पा मारता मारता उघडल्या. खाली वाडग्यात पाणी साचलं होतं, ते मी ओतायला गेलो तर माझा हात धरला. "तें टाकू नको, चव त्यातच आसता." फडक्यातून गाळून घेतलं आणि पिझ्झा भट्टीत जाण्यापूर्वी दोन चमचे वरून शिंपडलं.

ओव्हनचं दार उघडलं तेव्हा स्वयंपाकघरात वूस्टर स्ट्रीटचा वास होता. मी बायकोला हाका मारत सुटलो. आत्याने पहिला तुकडा शांतपणे खाल्ला, दुसरा घेतला आणि विचारलं, "ह्यात कोकम घातला तर चालात?"

पुढच्या आठवड्यात एकावर घालून बघणार आहे. कळवतो.