सोसायटी ग्रुप: रविवारचा हॉल

देशपांडे ए-१२०२: नमस्कार. रविवारी सकाळी क्लबहाउस बाहेरच्या संस्थेला दिलंय, हे लिफ्टमधल्या नोटिशीवरून कळलं. ग्रुपवर एक शब्द नाही. बाहेरच्यांना हॉल द्यायचा नाही असं ठरलं होतं ना? की ते फक्त आमच्या नातीच्या बारशापुरतं होतं?

पाटील (सेक्रेटरी): देशपांडे साहेब, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी कागदपत्रांचं शिबिर आहे. १० ते १. कमिटीची मंजुरी आहे.

गोखले (खजिनदार): हॉलचं भाडं ₹१,५००. पावती फाडलेली नाही.

म्हात्रे डी-७०१: फौजी येणार म्हणजे निदान एक दिवस गाड्या सरळ रेषेत लागतील 😄

देशपांडे ए-१२०२: म्हात्रे, प्रत्येक गोष्टीत विनोद नको. सैनिकांबद्दल आदर आहेच. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचे पैसे सगळ्यात आधी मी दिले. पण सरकार पेन्शन देतं, कॅन्टीन देतं, औषधपाणी देतं. मग ही संस्था नेमकं करते काय?

मोहिते वहिनी बी-२०३: भाऊ, मी दर शनिवारी तिथे बसते म्हणून सांगते. पेन्शन सगळ्यांना नसते. साध्या जवानाला पेन्शन बसायला १५ वर्षं नोकरी व्हावी लागते. त्याआधी घरी आलेल्यांपैकी बरेच जण आज पासष्टी ओलांडून मुलांच्या भरवशावर आहेत. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या अशा माणसांना केंद्रीय सैनिक बोर्डाची दरमहा मदत आहे. ₹४,००० होती, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ₹८,००० झाली. तुम्ही दिलेल्या ध्वजदिनाच्या पैशातूनच जाते ती. पण मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मागायची असते हे गावाकडे कित्येकांना माहीतच नसतं.

मोहिते वहिनी बी-२०३: आणि पडताळणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची. नेरूळवाल्याला ते ठाण्यात. आपण रायगड जिल्ह्यात, म्हणून खारघरवाल्याला अलिबाग. गुडघे गेलेल्या माणसाने एका शिक्क्यासाठी अलिबाग गाठायचं, तिथे कळायचं की एक झेरॉक्स कमी आहे. इथून कागद पुरे करून पाठवले तर फेरी वाचते.

म्हात्रे डी-७०१: पत्ता नवी मुंबईचा, टॅक्स पनवेल महापालिकेचा, शिक्का अलिबागचा. वा!

जोशी सी-९०२: टॅक्सचा विषय निघालाच आहे तर २०१६ पासूनच्या थकबाकीचं कमिटीने पुढे काय केलं?

पाटील (सेक्रेटरी): जोशी साहेब, हात जोडतो, तो विषय टॅक्सच्या ग्रुपवर.

जोशी सी-९०२: तिथे मार्चपासून फक्त गुड मॉर्निंग येतंय.

शिंदे काका बी-६०१: माहितीसाठी. माजी सैनिक आणि सैनिकाच्या विधवेला राज्यात एका घराचा मालमत्ता कर माफ आहे. २०२० ची योजना. अर्ज करावा लागतो.

जोशी सी-९०२: म्हणजे काका तुम्हाला माफ आणि आम्ही भरायचा? चांगलं आहे.

शिंदे काका बी-६०१: हो, माफ आहे. लपवलेलं नाही. सोसायटीचा मेंटेनन्स मात्र १ तारखेला भरतो. थकबाकीदारांच्या यादीत माझं नाव कधी वाचलंत का?

जोशी सी-९०२: हा मेसेज डिलीट केला आहे

म्हात्रे डी-७०१: जोशी साहेब, आमचा वाचून झाला 😄

गोखले (खजिनदार): हॉलचं भाडं ₹१,५००. अजून पावती नाही.

तन्वी ए-५०५: मोहिते काकू, शिबिरात नक्की काय करतात? मला मदतीला यायचंय.

मोहिते वहिनी बी-२०३: ये ग नक्की, फोनमधलं कळणारी पोरं हवीच आहेत. मागे महाडकडच्या एक आजी आल्या होत्या. नवरा मराठा लाइट इन्फंट्रीत होता. डिस्चार्ज बुक, म्हणजे लष्करातून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, धुतलेल्या दुधाच्या पिशवीत, वरून दोरा गुंडाळलेला. पलटणीच्या नोंदीत नाव पार्वती, आधारवर पारूबाई. तेवढ्यावर फॅमिली पेन्शन अडलेली. मग प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कार्यालयाचं पत्र, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार. नाव जुळलं तर हयातीचा दाखला अडला. भातलावणीत झिजलेला अंगठा मशीन घेईना. शेवटी आमच्यातल्या एका मुलाने जीवन प्रमाण या हयातीच्या दाखल्याच्या सरकारी ॲपवर चेहरा दाखवून तो काढून दिला. आजींना कोणाची भीक नको होती. त्यांच्या हक्काचं होतं, फक्त शेजारी बसून फॉर्म भरणारं कोणी नव्हतं.

देशपांडे ए-१२०२: वहिनी, काम चांगलं आहे, नाही कोण म्हणतंय? माझा मुद्दा पद्धतीचा आहे. आधी विचारायला हवं होतं.

शिंदे काका बी-६०१: देशपांडे, विचारलं असतं तर तीन महिने चर्चा झाली असती. बी विंगच्या लिफ्टची चालू आहे तशी.

पाटील (सेक्रेटरी): लिफ्टचा माणूस उद्या येतोय.

म्हात्रे डी-७०१: हा उद्या कोणत्या सालातला?

तन्वी ए-५०५: शाळेच्या ग्रुपवर जवानांना मदत म्हणून एक क्यूआर कोड फिरतोय. तो यांचाच का?

मोहिते वहिनी बी-२०३: नाही! त्यावर कोणीही पैसे पाठवू नका. शिबिरात आम्ही एक रुपया घेत नाही. द्यायचेच असतील तर ध्वजदिन निधीत द्या, ८०जी खाली इन्कम टॅक्समध्ये सूटही मिळते.

शिंदे काका बी-६०१: नाहीतर खडकीचं पॅराप्लेजिक सेंटर आहे. १९७४ पासून. मणक्याला मार बसून कंबरेखाली, काही तर मानेखाली लुळे पडलेले जवान तिथे राहतात. देणग्यांचा मोठा आधार आहे त्यांना. मी गेलो तेव्हा एक जण तोंडात ब्रश धरून डोंगर रंगवत होता, हात चालत नव्हते. मला म्हणाला, सर, पाण्याचा ग्लास जरा इकडे सरकवा. बाकी काही मागितलं नाही.

गोखले (खजिनदार): वाचलं. पण हिशेब वेगळा. ऑडिटरला मी काय सांगू? हॉलचं भाडं ₹१,५००.

शिंदे काका बी-६०१: गोखले, संध्याकाळी माझ्याकडून घेऊन जा. पावती माझ्या नावाने फाडा.

देशपांडे ए-१२०२: अर्धे माझे. मात्र पाहुण्यांच्या गाड्या बाहेर लावाव्यात, हे नोटिशीत लिहा. आणि चपला लॉबीत नकोत.

मोहिते वहिनी बी-२०३: भाऊ, जयपूर फूट लावलेले दोघं येणार आहेत. त्यांना बूट काढायला लावणार नाही. बाकीच्यांचं मी बघते.

देशपांडे ए-१२०२: त्यांच्याबद्दल नव्हतो बोलत. त्यांची गाडी आतच घ्या, माझ्या जागेवर. मी माझी बाहेर काढतो.

कदम ई-१०४: नमस्कार, मी सहसा लिहीत नाही. मोठे काका १९७१ च्या लढाईत होते, वारले. काकू साताऱ्याकडे गावी एकट्या असतात. पेन्शन दोनेक वर्षं बंद आहे. आम्हाला वाटलं नियमच तसा असेल. इथून काही होतं का?

मोहिते वहिनी बी-२०३: होतं. असा नियम नाही. बहुतेक हयातीचा दाखला राहिला असेल. पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, डिस्चार्ज बुक, काकूंचं आधार आणि बँक पासबुक. चारही ठिकाणी नाव अक्षर न् अक्षर तेच आहे का बघा.

कदम ई-१०४: पीपीओ काकांच्या ट्रंकेत असेल. किल्ली सापडत नाही.

शिंदे काका बी-६०१: कुलूप तोडायला सांगा. आतल्या प्रत्येक कागदाचा फोटो आजच मागवा आणि नऊ वाजता माझ्याकडे या. काकूंचा पासबुकावरचा मोबाइल नंबर चालू आहे ना, ते आधी विचारून घ्या.