भजनात पखवाज वाजवणाऱ्या बाबांचे फोटो हललेलेच येतात, छोट्या कॅमेऱ्यावर काय करावं?

मलप्रभाकाठ:
नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. आमच्या गावच्या भजनी मंडळात बाबा चाळीस वर्षं पखवाज वाजवतात. दर एकादशीला रात्री देवळात भजन असतं. उजेड म्हणजे दोन ट्यूबलाइट आणि गाभाऱ्यातली समई, एवढाच.

मागच्या एकादशीला मी १४० फोटो काढले. एकही धड आला नाही. देऊळ दिसतं, खांब दिसतात, माणसं मात्र धुरकट. घरी बाबांना दाखवले. सगळे नीट बघून झाल्यावर म्हणाले, "ह्यात माझं तोंड कुठं हाय गं?" तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. पखवाजावर बसलेल्या बाबांचा एकही फोटो आमच्या घरात नाही. त्यांची बोटं आता आखडायला लागलीत, अजून किती एकादश्या वाजवतील सांगता येत नाही.

कॅमेरा भावानं दिलेला छोटा कॉम्पॅक्ट आहे, ८ पट झूमचा. मी मागं बायकांच्यात बसते आणि तिथून पूर्ण झूम करून काढते. सेटिंग ऑटोवर, फ्लॅश बंद. फोटोच्या माहितीत शटर १/८, एफ ५.९, आयएसओ ४०० असं दिसतं. माझा हात हलतोय, की कॅमेराच बिघडलाय?

निपाणीचा पाहुणा:
फ्लॅश लावा, प्रश्न मिटला. आमच्या घरातल्या हळदीचे सगळे फोटो मी फ्लॅशवरच काढले, एकदम स्वच्छ आलेत.

टिळकवाडी काका:
हळदीत माणूस हातभर अंतरावर असतो, म्हणून फ्लॅश चालला. ह्या कॅमेऱ्यांच्या फ्लॅशचा उजेड तीन-चार मीटरच्या पुढं फारसा पोचत नाही, आणि पूर्ण झूमवर त्याहूनही कमी. देवळात मागून मारला तर पुढच्या बाईचं डोकं पांढरंफटक येईल आणि बाबा काळोखात. शिवाय अभंग रंगात आलेला असताना डोळ्यावर लख्ख उजेड मारू नये, असं माझं ठाम मत आहे.

ताई, कॅमेरा बिघडलेला नाही. तुम्ही आकडे दिलेत ते फार बरं केलंत. १/८ म्हणजे शटर सेकंदाचा आठवा भाग उघडं राहिलं. तेवढ्या वेळात तुमचा हात हलतो आणि बाबाही हलतात. हे दोन वेगळे दोष आहेत. खांबसुद्धा पुसट आला तर हात हलला. खांब स्वच्छ आणि माणूस पुसट असेल तर माणूस हलला. तुमच्या फोटोत खांब नीट दिसतात म्हणता, म्हणजे कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणानं तुमचा हात सांभाळून घेतला. वाजवणाऱ्याला ते थांबवू शकत नाही. त्याला शटर जलद हवं, दुसरा इलाज नाही.

पहिलं काम म्हणजे झूम सोडा. असल्या कॅमेऱ्यात झूम पूर्ण ताणला की भिंगातून आत येणारा उजेड घटतो. तो उजेड 'एफ'च्या आकड्यावरून कळतो, आकडा लहान तेवढा उजेड जास्त. ५.९ च्या जागी बिनझूमचा आकडा साधारण ३.३ असेल, म्हणजे तिपटीहून जास्त उजेड. शटर १/८ वरून १/२५ वर आलं. आता ऑटो सोडून 'पी' मोडवर या, कारण बऱ्याच कॅमेऱ्यांत ऑटोवर असताना आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, बदलताच येत नाही. तो ४०० चा १६०० करा, उजेडाची गरज चौपट कमी होते. शटर १/१०० वर आलं. देऊळ तेच, ट्यूब त्याच, कॅमेरा तोच!

१६०० वर फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतील. दिसू देत. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटवर ते फारसे जाणवत नाहीत. दाणेदार चेहरा ओळखू येतो, हललेला येत नाही. फारच खटकलं तर ८०० वर या, १/५० मिळेल. १/१०० च्या पुढं मात्र जाऊ नका. आपली वीज ५० हर्ट्‌झची, ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. त्याहून जलद शटरला एक फोटो पिवळट, दुसरा काळपट असा खेळ होतो.

झूम सोडायचा म्हणजे जवळ बसावं लागणार. बुवांना आधी विचारा आणि टाळकऱ्यांच्या शेजारी खाली बसा. कोपर मांडीवर टेकवा. बटण अर्धं दाबून बाबांच्या चेहऱ्यावर फोकस धरा, श्वास सोडा, मगच पूर्ण दाबा. सलग तीन-चार काढा. पहिल्यात बोटाचा धक्का असतो, मधला बहुतेक वेळा चांगला निघतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती सेटिंगमध्ये सापडत नाही. भजनात पखवाजी सारखा हलत नसतो. बुवा आलाप घेतात तेव्हा तो हात थांबवून त्यांच्या तोंडाकडं बघत बसतो. भजनाआधी धुम्याला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, कणीक लावताना, कान देऊन सूर लावताना तर मान अगदी स्थिर असते. तो चेहरा तुम्हाला आयुष्यभर पुरेल. माझे वडील टाळकरी होते, त्यांचा असा फोटो मी कधी काढला नाही.

किल्ल्याजवळचा:
काकांनी सगळं सांगितलंय, मी फक्त बोल्टाचं सांगतो. हार्डवेअरच्या दुकानात दोन सुती बोल्ट मागा, म्हणजे पाव इंची. कॅमेऱ्याच्या बुडाला ट्रायपॉडचं भोक असतं त्यात तो बसतो. त्यावर आधी नट चढवा, नाहीतर बोल्ट जास्त आत जाऊन कॅमेरा फुटेल. हातानं फिरवूनच बसवा, पाना लावू नका. बोल्टाला नायलॉनची दोरी बांधा, दुसरं टोक पायाखाली दाबा आणि कॅमेरा वर ओढून दोरी ताठ ठेवा. हाताची थरथर बरीच कमी होते. शिवजयंतीच्या चित्ररथांना रात्रभर गर्दीत मी असाच उभा असतो. तिथं ट्रायपॉड उघडायला जागा कुठली!

आणि जिथं काहीच हलत नाही तिथं उलटं करा बगा. आमच्या बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीच्या, म्हणजे जुन्या जैन मंदिराच्या, छतातलं दगडी कमळ मी कॅमेरा जमिनीवर उताणा ठेवून काढलं. आयएसओ १००, शटर अर्धा सेकंद, दहा सेकंदांचा टायमर लावून बाजूला झालो. पाकळी न् पाकळी आली. बटण हातानं दाबलं असतं तर तेवढ्यानंही हललं असतं.

मलप्रभाकाठ:
काका, दादा, आज सांगायला आले. काल एकादशी झाली. बुवांना विचारलं तर त्यांनीच बाबांसमोर सतरंजी सरकवून जागा करून दिली. झूम नाही, 'पी' मोड, आयएसओ १६००. शटर १/८० ते १/१०० च्या मध्ये येत होतं. ६० काढले, त्यातले अकरा चांगले आहेत. मध्येच लाइट गेली तेव्हा समईवर काही जमलं नाही.

कणीक लावतानाचा आलाय. मान उजवीकडं कललेली, ओठ मिटलेले, चष्मा नाकावर उतरलेला. दुसऱ्या एकात चेहरा स्वच्छ आहे पण डावा हात पुसट झालाय. तो मी पुसून टाकणार होते, बाबांनी अडवलं. म्हणाले, "ऱ्हाऊदे तो. वाजवताना हात हलणारच की."

दोन्ही प्रिंटला देणार आहे. शनिवारी बेळगावला येते, तेव्हा बोल्टही घेईन. नटासकट.