संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळतोय, वरूनच बोर्डो पेस्ट लावली तर चालेल का?

प्रश्न (मोर्शी तालुका): नागपुरी संत्रा, ८ वर्षांची झाडं, जंबेरी खुंट (ज्या मूळझाडावर कलम बांधलंय ते), काळी भारी जमीन. झडीनंतर बऱ्याच झाडांच्या बुंध्यातून डिंक येतोय, काहींच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्यात. डिंकावरूनच पेस्ट फासली तर भागेल का?

उत्तर (वरुड): नाही भागणार भाऊ. डिंक्या रोगाची फायटोप्थोरा बुरशी सालीखाली असते. धारदार चाकूनं कुजकी तपकिरी साल खरवडा, कडेला निरोगी साल लागली की थांबा. खाली पोतं अंथरा, पडलेली साल जाळून टाका. जखम पोटॅशियम परमँगनेटनं (लिटरला १० ग्रॅम) धुवा, सुकली की पेस्ट लावा.

बोर्डो पेस्टला १ किलो मोरचूद (तांब्याचं सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद रात्रीच प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्यात भिजवा. उरलेल्या ५ लिटरमध्ये चुना विरवून, थंड करून गाळा. मग दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकदम ओतत लाकडी काडीनं ढवळा. लोखंडी खिळा बुडवून पाहा. तांबूस लेप चढला तर चुना कमी पडलाय, थोडी चुन्याची निवळी वाढवा. पेस्ट त्याच दिवशी संपवा, शिळी चिकटत नाही. बुंध्याला जमिनीपासून ३ फुटांपर्यंत लावा, पावसाळ्याआधी एकदा अन् नंतर एकदा.

उत्तर (काटोल): वरचं बरोबर आहे, पण शिरा पिवळ्या म्हणजे तंतुमुळं कुजलीत, अन् तिथं पेस्ट पोचत नाही. झाडाच्या घेराखालची चार मुळं उकरून बोटांत ओढा. साल मोज्यासारखी निघून आत पांढरा दोरा उरला तर मूळकूज नक्की. मेटॅलॅक्झिल अधिक मॅन्कोझेब हे मिश्र बुरशीनाशक लिटरला २.५ ग्रॅम, झाडाला साधारण १० लिटर द्रावण घेराखाली ओता.

औषधापेक्षा पाणी महत्त्वाचं. या बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहत जातात. म्हणून बुंध्याला पाणी लागू नये असं दुहेरी आळं (बुंध्याभोवती एक कोरडं, त्याबाहेर पाण्याचं दुसरं) करा, उताराच्या दिशेनं चर काढा. भारी जमिनीत हे टाळलं तर औषधाचा खर्च दरवर्षी करावा लागेल.

प्रश्नकर्ता: फोसेटिल एएल हे बुरशीनाशक फवारू का? अन् काही कलमांचा डोळा (खुंट अन् संत्र्याचा जोड) मातीत गेलाय.

उत्तर (काटोल): फवारा, लिटरला २.५ ग्रॅम. ते पानांतून मुळांपर्यंत उतरतं. तांबायुक्त औषधात मात्र मिसळू नका, पानं भाजतात. डोळ्याभोवतीची माती आजच ओढून घ्या. खुंटापेक्षा संत्र्याची साल लवकर कुजते, म्हणून डोळा जमिनीच्या वीतभर तरी वर हवा. नवीन लागवडीला रंगपूर खुंट घ्या, तो जंबेरीपेक्षा सोशिक आहे.