थायलंडच्या ‘बेंजाकुल’ कॅप्सूल केमोबरोबर द्यायच्या का?

सुनंदा काकू (बी-२०४): मंडळी, एक विचारायचंय. आमच्या वन्संना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, तिसरी केमो पुढच्या आठवड्यात. भाच्याने बँकॉकहून ‘बेंजाकुल’च्या कॅप्सूल आणल्यात. तिथल्या विद्यापीठात तपासलंय, कॅन्सरच्या पेशी मरतात म्हणतो. मृणाल, तू लॅबमध्ये असतेस ना गं?

पाटील काका (ए-१०२): द्या वहिनी. झाडपाल्याने अपाय काय होणार?

मृणाल (डी-६०१): काकू, अजून दिल्या नाहीत ना?

सुनंदा काकू: नाही. बाटली फोडलीही नाही.

मृणाल: बरं झालं. बेंजाकुल म्हणजे जवळजवळ आपलं आयुर्वेदातलं पंचकोल. पिंपळी, सुंठ, मिरीच्या कुळातली आणखी दोन औषधं, आणि लाल चित्रकाचं मूळ. थाई वैद्य ते शरीरातल्या पृथ्वी, जल, वायू, अग्नी या तत्त्वांचा समतोल राखायला देतात. थम्मासात विद्यापीठात त्याच्यावर खरंच काम झालंय, भाचा खोटं सांगत नाहीये.

पण ते काम कसं चालतं सांगते. तळहाताएवढ्या प्लेटमध्ये ९६ खळगे असतात. त्यांत कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, वर अर्क घालायचा, दोन-तीन दिवसांनी गुलाबी रंग टाकून धुवायचं. पेशी टिकल्या तर खळगा गडद गुलाबी, मेल्या तर फिका. मी स्वतः असे खळगे मोजलेत. फिका दिसला की आनंद होतोच, पण त्या प्लेटला यकृत नसतं, किडनी नसते. चित्रकातलं प्लंबॅजिन पेशी मारतं खरं, पण त्याच मुळाचा लेप कातडीवर राहिला तर फोड येतो. म्हणून तर वैद्य चित्रक चुन्याच्या निवळीत शुद्ध करून घेतात.

ओंकार (सी-५०३): आणि अँटिऑक्सिडंट? ते तर चांगलंच ना?

मृणाल: ते तपासायला अर्क एका जांभळ्या द्रावणात घालतात. द्रावण पिवळं पडलं की अर्कात अँटिऑक्सिडंट आहे, एवढंच ती चाचणी सांगते; शरीरात काय होईल ते नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली, निकाल १९९४ला आला. बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर उलट १८ टक्क्यांनी जास्त निघाला.

पाटील काका: मग हे तपासणं वायाच म्हणायचं का?

मृणाल: अजिबात नाही काका! आपल्या कुंडीतली सदाफुली मधुमेहासाठी तपासायला घेतली होती. उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या आणि तिथून कॅन्सरची औषधं निघाली. त्यातलं व्हिन्क्रिस्टिन आजही ल्युकेमियाच्या लहान मुलांना देतात. पण काढा नाही, मोजून शिरेतून.

काकू, माझी खरी काळजी पिंपळीची आहे. तिच्यातलं पिपरीन काही औषधांची रक्तातली पातळी वाढवतं. केमोचा डोस मोजून दिलेला असतो, त्यात हे नको. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही कॅप्सूल देऊ नका.

सुनंदा काकू: उद्याच ओपीडी आहे. बाटली पिशवीत टाकते.

मृणाल: लेबलचा फोटो पाठवा. सगळं थाईत असेल, घटक लिहून देते.

पाटील काका: वहिनी, रिक्षा बघू नका. मी गाडी काढतो. किती वाजता निघायचं?