ग्वेन गथ्रीचं 'पॅडलॉक' : मूळ गाणं आणि लॅरी लेव्हानचं मिक्स

ठेकेदारीण
नमस्कार मंडळी, भाच्याच्या प्लेलिस्टमधे हे गाणं अचानक लागलं आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. ग्वेन गथ्री नावाची अमेरिकन गायिका, १९८३ चा 'पोर्ट्रेट' अल्बम, त्यातलं 'पॅडलॉक'. मग शोधताना कळलं की १९८५ साली लॅरी लेव्हान नावाच्या न्यूयॉर्कच्या डीजेने तिच्या काही गाण्यांची मिक्सेस केली आणि त्या छोट्या रेकॉर्डचं नावही 'पॅडलॉक'च. आता दोन्ही आलटूनपालटून ऐकतेय. मिक्समधे मधेच तिचा आवाज गायब होतो, नुसता बेस आणि ड्रम उरतात, आणि तरी पाय जास्त तिथेच हलतात. नवीन काही वाजवलंय असंही वाटत नाही, मग याने नेमकं केलं काय? आणि इतकं भारी गाणारी बाई कोणाला माहीतच कशी नाही??

टेपवाला
ताई, मुळात बेस आणि ड्रम कोणाचे आहेत ते बघा. स्लाय डनबार आणि रॉबी शेक्सपिअर, जमैकाची जोडी. रेकॉर्डिंग बहामामधल्या नासाऊच्या कंपास पॉइंट स्टुडिओत, जिथे ग्रेस जोन्स या गायिकेचा 'नाइटक्लबिंग' अल्बम झाला. त्यामुळे गाणं अमेरिकन सोल (तिकडच्या काळ्या लोकांचं संगीत) असलं तरी पाया रेगेवाल्यांचा, म्हणजे जमैकाच्या संगीताचा आहे, बेस घाई करत नाही, दोन सुरांच्या मधे भरपूर मोकळी जागा सोडतो.

आता मिक्सचं. तेव्हा कॉम्प्युटरवर कापाकापी नव्हती. मल्टिट्रॅक टेपवर ड्रम, बेस, कीबोर्ड, आवाज सगळं वेगवेगळ्या ट्रॅकवर असायचं. टेप चालू करायची आणि कन्सोलवर (ट्रॅकचे आवाज कमीजास्त करायच्या टेबलावर) हाताने एकेक ट्रॅक बंद करायचा, परत उघडायचा, एखाद्याच शब्दाला एको द्यायचा, मग आवडलेले तुकडे ब्लेडने कापून जोडायचे. जमैकात साउंड इंजिनिअर किंग टबी वगैरे मंडळी सत्तरच्या दशकापासून हेच करत होती, त्यालाच डब म्हणतात. लेव्हानने ती युक्ती न्यूयॉर्कच्या नाचाच्या गाण्याला लावली. आवाज काढून घेतला की कान त्याची वाट बघतो, आणि तो एकोमधून परत येतो तेव्हा अंगावर काटा येतो. त्यात बारा इंची रेकॉर्डवर जागा जास्त, त्यामुळे खोबणी रुंद कापता येते आणि बेस दणकून भरता येतो. मोबाईलच्या स्पीकरवर यातलं निम्मंही कळणार नाही, प्लीज चांगले हेडफोन लावा.

जर्सीकर काका
मी तेव्हा न्यू जर्सीत नवीन नवीन आलेलो, रात्री डब्ल्यूबीएलएस रेडिओ स्टेशन लावून बसायचो, त्यावर असलं संगीत पुष्कळ लागायचं. लेव्हान म्हणजे पॅरडाइज गॅरेजचा डीजे. मॅनहॅटनमधे ८४ किंग स्ट्रीटवर, खरोखरच गाड्यांच्या गॅरेजच्या इमारतीत होता तो क्लब. दारू विकायचेच नाहीत, लोक फक्त नाचायला यायचे, बहुतेक काळे आणि लॅटिनो, त्यात समलिंगी तरुण खूप. साउंड सिस्टिम रिचर्ड लाँगने बांधलेली. लेव्हान मिक्स करायचा ते त्याच स्पीकरसाठी, त्याच माणसांसाठी, म्हणून एवढी जागा मोकळी सोडायची हिंमत होती त्याच्यात. सप्टेंबर १९८७ मधे क्लब बंद झाला आणि १९९२ मधे लेव्हान गेला, अवघ्या ३८ व्या वर्षी. फार वाईट वाटतं.

मीनल_व्ही
सगळं मान्य पण मला मूळ गाणंच जास्त आवडतं आणि त्याचं कारण ग्वेन. प्रत्येक ठिकाणी चर्चा लेव्हानची, स्लाय-रॉबीची, आणि जिच्या नावाची रेकॉर्ड आहे तिच्याबद्दल एक ओळ! ही बाई अरीथा फ्रँकलिनच्या मागे गायली आहे, मॅडोनाच्या १९८३ च्या पहिल्या अल्बममधे कोरसला आहे. गायक बेन ई. किंगचं १९७५ चं 'सुपरनॅचरल थिंग' लिहिण्यात तिचा हात. आणि १९८६ मधे 'एन्ट नथिंग गोइंग ऑन बट द रेंट' तिने स्वतः लिहिलं, स्वतः प्रोड्यूस केलं, ते अमेरिकेच्या आर अँड बी चार्टवर एक नंबरला गेलं. १९९९ मधे कॅन्सरने गेली, पन्नाशीही गाठली नाही. मिक्समधे आवाज परत आल्यावर काटा येतो म्हणताय ना, तो आवाज साधा असता तर आला असता का? मूळ गाण्यात ती शब्द कुठे ओढते, कुठे झटकन सोडून देते ते सलग ऐकायला मिळतं.

ठेकेदारीण
मीनल, अगदी पटलं. हेडफोन लावून दोन्ही परत ऐकली. मिक्समधे बेस पोटात घुमतो हे खरंय, पण आता लक्ष तिच्याकडेच जातंय, मागचे कोरस ऐकले का कोणी? टेपवाला, त्या छोट्या रेकॉर्डवरचं अजून काय ऐकू?

टेपवाला
'सेव्हन्थ हेवन'. लेव्हानचंच मिक्स घ्या, आणि त्याआधी 'पोर्ट्रेट'वरचं मूळ पूर्ण ऐका, म्हणजे मीनल म्हणतात तसा ग्वेनचा आवाज सलग ऐकायला मिळेल.