मासा नाही, चिलाप्या! थंडीतल्या आठवणी लिहा

तापीकाठची:
काल पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात बर्फावर पांढरेशुभ्र तुकडे मांडलेले दिसले. पाटी होती 'तिलापिया'. किंमत वाचून हसूच आलं. अहो, ही तर आमची चिलापी!

सारंगखेड्याच्या अलीकडे आमचं गाव. दत्तजयंतीची यात्रा, घोडे, घरभर पाहुणे आणि गोधडीतून नाक बाहेर काढवत नाही अशी थंडी. काका गळ घेऊन सकाळी कधीच जायचे नाहीत. साडेदहा-अकराला ऊन तापलं की निघायचे. मागून मी, हातात डालड्याचा डबा आणि कणकेच्या गोळ्या. येताना कुणीतरी ओट्यावरून अहिराणीत हटकायचंच, "मासा सापडना (सापडला) का?" काका डबा मांडीआड करत म्हणायचे, "नही वं, चिलाप्याच शेतस (आहेत)." डबा काठोकाठ भरलेला, तरी मासा नाही!

आजी माळकरी. त्यामुळे सगळा कारभार अंगणात, तीन दगडांवर, वेगळ्या पातेल्यात. ती लांब बसून वाती वळायची, पण नाक इकडेच. "लसूण कमी पडना," असं नुसत्या वासावरून सांगायची. जन्मात चव घेतली नाही, आणि चुकली एकदाही नाही.

तुमच्याकडे कोण आणायचं? लिहा.

गिरणाकाठ:
ते 'नही वं' शंभरदा ऐकलंय ताई. रोहू, कटला आणला की लोक पिशवी हलवत येतात. चिलापी मात्र गमछ्यात.
साफ करायचं लिहितो, कारण कंटाळा त्याचाच असतो. आधी पाठीवरचे काटे कात्रीने उडवा, नाहीतर तळहात दोन दिवस ठणकतो. मग राख चोळायची, म्हणजे हातातून निसटत नाही. खवले शेपटीकडून डोक्याकडे, बोथट विळ्याने, आणि बादलीच्या पाण्यात धरून. नाहीतर केसांत, भिंतीवर, चहात, सगळीकडे खवले. कल्ले काढायचे. आणि पोटात आतून जे काळं अस्तर असतं ना, ते जाड मिठाने घासून पार काढायचं. लोक तेच ठेवतात आणि मग म्हणतात चिलापी कडू लागते. बस आली, बाकी नंतर.

पिवळी_ज्वारी:
आमच्या घरात अंडंही चालत नाही, तरी सगळं वाचलं. चूल आणि थंडी म्हटलं की मला भरीतच. आत्ता शेतात पऱ्हाटीवर वांगी भाजताहेत, धुरात टाइप करतोय.

भुसावळचा_भाचा:
@पिवळी_ज्वारी वांगी बामणोदची का? कुठे आहे शेत? येतो.

हतनूरच्या पाण्यावर मामाबरोबर गेलो होतो, सातवीत असेन. गळाचा काटा अंगठ्यात घुसला. त्याला उलटं टोक असतं, ओढून निघत नाही. डॉक्टरांनी आधी विचारलं, मासा केवढा होता? बोटभर चिलापीसाठी हे झालं सांगायला लाज वाटली. मोठा मासा म्हणून मरळ म्हणालो. मामा तोंड फिरवून हसत होता. घरी अजून मला मरळ म्हणतात.

गाळपेर:
हाहा मरळ.
मत्स्यशास्त्र शिकलोय म्हणून चार ओळी. ही मूळची आफ्रिकेची, 1952 साली भारतात आणली. मादी अंडी तोंडात धरून उबवते, आणि पिल्लं घाबरली की परत आईच्या तोंडात. त्यामुळे एकदा पाण्यात शिरली की हटत नाही. पण गर्दी इतकी होते की अंगाने वाढत नाही, बोटभरच राहते. मान नाही तो त्यामुळे. गार पाण्यात ती खाणंच सोडते, उथळ पाणी उन्हाने तापलं की गळाला लागते. म्हणजे ताई, तुमच्या काकांना नेमकं माहीत होतं.

तापीकाठची:
अहो, काका उठायचेच नऊला.

धुळ्याची_काकू:
तो गाळाचा वास येतो त्याचं काय ते कुणी लिहिलं नाही. चिंचेचा कोळ, हळद, मीठ लावून अर्धा तास ठेवायची. चिंच नसेल तर आंबट ताक. मग धुऊन टाकायची. कांदा आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर काळपट होईस्तोवर भाजायचं, लसूण दणकून, आलं, कोथिंबीर, सगळं पाट्यावर. शेंगदाण्याच्या तेलात काळा मसाला घालून तर्री आली की पाणी. रस्सा खदखदला की मगच मासा सोडायचा. सात-आठ मिनिटं. चमचा घालायचा नाही, पातेलं फडक्याने धरून हलवायचं. आमचे हे चमचा घालतात, मग काटे वेचत बसा. सोबत बाजरीची भाकरी. शिट्टी झाली, जाते.

गिरणाकाठ:
काकू, खोबरं कमी घाला हो, नाहीतर मटणच लागतं.

धुळ्याची_काकू:
मटणासारखंच लागायला पाहिजे म्हणून तर घालते भाऊ. आमच्याकडे महिन्यातून एकदा मटण यायचं, चिलापी आठवड्याला. सासूबाई पोरांना सांगायच्या, डोळे मिटा आणि खा.

नंदुरबारी:
चिलापीचं कौतुक पुरे, वामवर कुणी लिहिणार का? सापासारखी दिसते म्हणून आमची वहिनी किंचाळत गल्लीपर्यंत गेली होती. त्यावर वेगळा धागा काढा.

तापीकाठची:
तुमच्या नादाने आज मंडईतून चार अख्ख्या आणल्या. बाई विकताना म्हणाली, घरी मांजर आहे का? चिंच लावून ठेवल्यात, काळं अस्तर काढलं. पण खवले सिंकमध्ये अडकलेत आणि पाणी वर येतंय. उपाय सांगा लवकर, पाहुणे यायचेत.

गिरणाकाठ:
बादली म्हणालो होतो ताई.

पिवळी_ज्वारी:
भरीत झालं. कळण्याच्या भाकरी उतरताहेत. भुसावळवाले निघाले का?