मदत हवी आहे: भिंतीलगत ठेवण्यासाठी कोणते स्पीकर घ्यावेत?

माझ्या स्टिरिओचा अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहमला दर चॅनेलमागे ५० वॅट देतो आणि तो मला बदलायचा नाही. बदलायचे आहेत ते फक्त स्पीकर. खोली लहान असल्यामुळे ते मागच्या भिंतीपासून जेमतेम वीतभर अंतरावर ठेवता येतात, आणि सध्याच्या जोडीचे पोर्ट (खालचे स्वर वाढवण्यासाठी खोक्याला ठेवलेली भोके) पाठीमागे असल्याने खालचे स्वर इतके घुमतात की गाणाऱ्याचे शब्द त्यांत बुडून जातात. (पोर्टमध्ये स्पंज कोंबला की घुमणे कमी होते, पण आवाजातली जानही जाते.)

आता बंद खोक्याची (पोर्ट नसलेली) ८४ डेसिबल संवेदनशीलतेची (ठराविक वॅटला किती मोठा आवाज निघतो त्याचे माप) एक जोडी आणि पुढे पोर्ट असलेली ८८ डेसिबलची दुसरी, अशा दोन जोड्या मनात आहेत. तेवढ्याच आवाजासाठी पहिलीला सुमारे अडीचपट वॅट लागतील हे मला कळते, पण तिचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा; तो कमी झाला की अ‍ॅम्प्लिफायरवर ताण वाढतो) काही स्वरांना ४ ओहमच्याही खाली उतरतो, याची धास्ती अधिक वाटते. मी मोठ्या आवाजात क्वचितच ऐकतो, तेव्हा हा अ‍ॅम्प्लिफायर तिला पेलेल का? आणि पोर्ट पुढे असल्याने भिंतीलगतचे घुमणे खरोखर कमी होते, की तो निव्वळ समज आहे? दोन्ही प्रकार भिंतीजवळ वापरलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे. जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर मात्र सुचवू नयेत.